हिटलरच्या लाडक्या बॉक्सरला १२४ सेकंदांत झोपवणारा जो लुईस, टॅक्सवाल्यांपुढे मात्र आयुष्यभर हरत राहिला

१९७० च्या दशकात लास वेगासच्या सीझर्स पॅलेस हॉटेलात गेलेल्या लोकांना कसिनोमध्ये एक उंचापुरा, धिप्पाड, कमी बोलणारा माणूस दिसायचा. आलेल्या पाहुण्यांशी तो हात मिळवायचा, फोटो काढू द्यायचा, सही द्यायचा, कधी त्यांच्याबरोबर गोल्फ खेळायला जायचा. हॉटेलनं त्याला याच कामासाठी पगारावर ठेवलं होतं.

तरुण पोरांना वाटत असेल, असेल कोणीतरी जुना खेळाडू. पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकन माणसाला मात्र त्याचं नाव सांगावं लागत नव्हतं. तो जो लुईस होता. सलग ११ वर्षं ८ महिने हेवीवेट बॉक्सिंगचा जगज्जेता राहिलेला आणि २५ वेळा आपलं जेतेपद राखलेला माणूस. हेवीवेटमध्ये हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

आपल्याकडे बॉक्सिंग म्हटलं की मोहम्मद अली आणि माईक टायसन ही दोन नावं आठवतात. त्यांच्या आधीचा लुईस फारसा कोणाला माहीत नसतो. सोशल मीडियावर मात्र त्याची एक गोष्ट अधूनमधून फिरत असते. त्यानं मॅचचे पैसे सैन्याला दान दिले, सरकारनं त्या दानावरच टॅक्स लावला आणि त्याला कंगाल केलं, अशी ती गोष्ट.

गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी समजून घ्यायची तर सुरुवातीपासून बघावं लागतं.

व्हायोलिनचे पैसे बॉक्सिंगला

जोसेफ लुईस बॅरो हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १३ मे १९१४ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातला. त्याचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची मुलं होती. वडील दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसायचे. जो दोन वर्षांचा असताना वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. आईनं आठ मुलं सांभाळली आणि पुढे दुसरं लग्न केलं.

त्या काळात दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं वंशभेदाला आणि गरिबीला कंटाळून उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांकडे निघाली होती. १९२६ मध्ये हे कुटुंबही डेट्रॉईटला आलं. तिथे फोर्डच्या कारखान्यात काम मिळत होतं.

पोरगं बोलताना अडखळायचं आणि शाळेत मागे पडायचं. त्यानं संगीत शिकावं म्हणून आई व्हायोलिनच्या शिकवणीसाठी पैसे द्यायची. जो ते पैसे घेऊन ब्रूस्टर सेंटरच्या जिममध्ये लॉकर घ्यायचा आणि बॉक्सिंग शिकायचा, असं सांगतात. आईला कळेपर्यंत पोराचा हात बसला होता.

४ जुलै १९३४ ला त्यानं शिकागोत पहिली व्यावसायिक लढत खेळली. पहिल्याच राऊंडमध्ये समोरचा आडवा झाला. कमाई झाली ५९ डॉलर.

जॅक जॉन्सनची सावली

आज ऐकायला विचित्र वाटेल, पण तेव्हा लुईसपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न समोरच्या बॉक्सरचा नव्हता. त्याला जगज्जेतेपदासाठी लढू तरी देतील का, हा होता.

१९०८ मध्ये जॅक जॉन्सन हा हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला होता. तो रिंगमध्ये गोऱ्या बॉक्सरना चिडवायचा, हसायचा, बाहेर गोऱ्या बायकांबरोबर उघडपणे फिरायचा. गोऱ्या अमेरिकेला हे सहन झालं नाही. त्याच्यावर खटला झाला, शिक्षा झाली. १९१५ मध्ये त्याचं जेतेपद गेलं आणि त्यानंतर पुढची २२ वर्षं एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेटच्या जेतेपदासाठी लढायची संधी मिळाली नाही. त्यासाठी कुठलाही लेखी नियम नव्हता. संधी फक्त दिली जात नव्हती.

लुईसचे मॅनेजर जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक, दोघंही कृष्णवर्णीय होते. रॉक्सबरोचा खरा धंदा आपल्या मटक्यासारख्या आकड्यांच्या जुगाराचा. माणूस व्यवहारी होता. त्याला कळत होतं की नुसतं जिंकून भागणार नाही, लुईस हा जॉन्सन नाही हे गोऱ्या लोकांना पटवावं लागेल.

म्हणून लुईसला नियम घालून दिले गेले. गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही. हरलेल्या माणसाकडे बघून हसायचं नाही. बढाया मारायच्या नाहीत. लुईसनं ते इतके काटेकोर पाळले की रिंगमधला त्याचा निर्विकार चेहरा हीच त्याची ओळख झाली.

प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्ननं त्याला दुसरी गोष्ट शिकवली. पायांचा तोल सुटू द्यायचा नाही, डावा जॅब मारत समोरच्याला मागे रेटायचं आणि जवळ आला की छोट्या अंतरावरून दोन्ही हातांनी फटके लावायचे. पंचांच्या गुणांवर विसंबूच नको, हा त्यामागचा हिशोब होता. समोरचा खाली पडला की वाद संपतो.

२५ जून १९३५ ला त्यानं माजी जगज्जेता, इटलीचा अवाढव्य प्रिमो कार्नेरा याला सहाव्या राऊंडमध्ये हरवलं. मुसोलिनीची इटली तेव्हा इथिओपियावर हल्ल्याच्या तयारीत होती, त्यामुळे कृष्णवर्णीय अमेरिकेला हा विजय फार जवळचा वाटला. त्याच सप्टेंबरमध्ये दुसरा माजी जगज्जेता मॅक्स बेअर चौथ्या राऊंडमध्ये संपला. वर्तमानपत्रांनी लुईसला नाव दिलं, 'ब्राऊन बॉम्बर'.

श्मेलिंगनं हेरलेली चूक

१९ जून १९३६ ला लुईससमोर आला जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग. वय ३० आणि जेतेपद कधीच गमावलेलं. सट्टाबाजारात त्याला कोणी विचारत नव्हतं. लुईसलाही ही लढत सोपी वाटत होती, तयारीपेक्षा त्याचं लक्ष गोल्फकडे जास्त होतं.

श्मेलिंगनं मात्र लुईसच्या लढतींच्या फिल्म बारकाईनं बघितल्या होत्या. त्याला एक चूक सापडली. जॅब मारून झाला की लुईसचा डावा हात जरा खाली यायचा आणि तेवढ्यात उजव्या फटक्याला जागा मिळायची. श्मेलिंग त्या एका जागेसाठी रात्रभर थांबला. चौथ्या राऊंडमध्ये लुईस खाली पडला आणि बाराव्यात पुन्हा उठलाच नाही. हा त्याचा पहिला व्यावसायिक पराभव.

श्मेलिंग हिंडेनबर्ग या हवाई जहाजातून मायदेशी गेला. हिटलरनं त्याला जेवायला बोलावलं. नाझी प्रचाराला हवी तशी कहाणी आयती मिळाली होती, गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाची.

तरीही जेतेपदाची संधी आधी लुईसला मिळाली. तेव्हाचा जगज्जेता जेम्स ब्रॅडॉक लुईसशी लढायला तयार झाला, पण लुईसच्या भविष्यातल्या लढतींच्या नफ्यात वाटा ठरवून घेऊनच. २२ जून १९३७ ला शिकागोत आठव्या राऊंडमध्ये ब्रॅडॉक पडला आणि २२ वर्षांनी हेवीवेटचा पट्टा पुन्हा एका कृष्णवर्णीय माणसाकडे आला.

श्मेलिंगला हरवेपर्यंत मला चॅम्पियन म्हणू नका, असं लुईस सांगत राहिला.

१२४ सेकंद

२२ जून १९३८, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. ७० हजारांच्या आसपास प्रेक्षक आणि रेडिओवर कोट्यवधी श्रोते. ऑस्ट्रिया गिळून हिटलर पुढे सरकत होता, त्यामुळे दोन बॉक्सरची ही लढत दोन देशांची होऊन बसली होती. लढतीच्या काही आठवडे आधी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लुईसला व्हाईट हाऊसमध्ये बोलावून त्याचे दंड चाचपून बघितले होते.

यातली गंमत अशी की गोरी अमेरिका पहिल्यांदाच एका गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीय माणसाच्या बाजूनं उभी होती. सगळी नाही, पण बरीचशी.

घंटा झाली आणि लुईस तुटून पडला. श्मेलिंग तीनदा खाली गेला. २ मिनिटं ४ सेकंदांत, म्हणजे १२४ सेकंदांत पंचांनी लढत थांबवली. श्मेलिंगच्या मणक्याच्या हाडाला इजा झाली होती, त्याला काही दिवस रुग्णालयात काढावे लागले.

पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर तेव्हा १३ वर्षांचे होते. जॉर्जिया राज्यातल्या त्यांच्या गावात आजूबाजूची कृष्णवर्णीय माणसं त्यांच्या वडिलांकडे रेडिओ ऐकू द्या म्हणून आली. वडिलांनी रेडिओ खिडकीत ठेवला, माणसं अंगणात उभी राहून ऐकत राहिली. लुईस जिंकला. कोणी हूं की चूं केलं नाही. मालकाचे शांतपणे आभार मानून सगळे रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडच्या घरात गेले आणि मग तिथून जो जल्लोष सुरू झाला तो रात्रभर चालला, अशी आठवण कार्टर यांनी लिहून ठेवली आहे.

लुईसचा विजय काय होता, हे त्या रुळांच्या अलीकडच्या शांततेतून जास्त कळतं.

आणि श्मेलिंग? तो नाझी पक्षाचा सदस्य कधीच नव्हता. त्याचा अमेरिकेतला मॅनेजर ज्यू होता आणि दबाव येऊनही त्यानं त्याला सोडलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंवर संघटित हल्ले झाले, तेव्हा श्मेलिंगनं दोन ज्यू मुलांना आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवून वाचवलं. ही गोष्ट कित्येक वर्षं त्यानं कोणाला सांगितलीही नव्हती.

महिना २१ डॉलर

१९४१ च्या जूनमध्ये लुईस जवळपास हरलाच होता. वजनानं बराच हलका असलेला बिली कॉन बाराव्या राऊंडपर्यंत गुणांवर पुढे होता. तो सावध खेळला असता तर जगज्जेता होता. पण त्याला नॉकआऊट हवा होता आणि तेराव्यात तोच नॉकआऊट झाला.

डिसेंबरमध्ये पर्ल हार्बर घडलं. ९ जानेवारी १९४२ ला लुईसनं बडी बेअरविरुद्ध जेतेपद पणाला लावलं आणि आपली कमाई नौदलाच्या मदतनिधीला देऊन टाकली. रक्कम होती सुमारे ४७ हजार डॉलर. त्या नौदलात तेव्हा कृष्णवर्णीयांना प्रामुख्यानं स्वयंपाकी आणि वाढप्याचं काम मिळायचं. अशांना पैसे कशाला, असं त्याच्याच समाजातल्या काहींनी विचारलंही.

लगेच तो सैन्यात भरती झाला, साधा शिपाई म्हणून. पगार महिना २१ डॉलर. मार्चमध्ये एब सायमनविरुद्धच्या लढतीचे सुमारे ३६ हजार डॉलर त्यानं भूदलाच्या निधीला दिले. मग युद्ध संपेपर्यंत जेतेपदाची एकही लढत नाही. त्याऐवजी त्यानं ९६ प्रदर्शनीय लढती खेळल्या, जवळपास २० लाख सैनिकांसमोर.

हे सगळं करताना तो गप्प बसला होता असं नाही. फोर्ट रायलीच्या तळावर पात्र कृष्णवर्णीय सैनिकांना अधिकारी प्रशिक्षणात घेत नव्हते, तेव्हा त्यानं वॉशिंग्टनमधल्या आपल्या ओळखी वापरल्या. त्या सैनिकांपैकी एक होता जॅकी रॉबिन्सन, जो १९४७ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधली वंशभेदाची भिंत तोडणार होता.

टॅक्सचा घोळ नेमका काय?

आता त्या व्हायरल गोष्टीकडे येऊ.

लुईसनं दान दिलेले पैसे त्याच्या हातात आलेच नव्हते, असं आपण म्हणू. टॅक्सचा कायदा तसं म्हणत नाही. लढत तुमची, मानधन तुमचं, म्हणजे उत्पन्न तुमचं. नंतर ते कोणाला दिलं हा वेगळा मुद्दा, आणि देणगीवर मिळणाऱ्या सवलतीला तेव्हा मर्यादा होती. त्यामुळे दान केलेली रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली गेली. इथपर्यंत पोस्ट बरोबर आहे.

पण दोन लढतींची रक्कम मिळून होते ८३ हजार डॉलर. पुढे त्याच्यावरचं कर्ज १० लाख डॉलरच्या वर गेलं. मधली एवढी रक्कम कुठून आली?

पहिलं कारण, वाटेकरी. लुईसच्या कारकिर्दीत त्याच्या लढतींतून ४६ लाख डॉलरहून जास्त कमाई झाली, असा अंदाज आहे. त्याच्या हातात आले जेमतेम ८ लाख. मॅनेजरच जवळपास निम्मा वाटा न्यायचे, मग प्रवर्तक, कॅम्पचा खर्च, बाकी देणी.

दुसरं कारण, लुईस स्वतः. पैसा त्याच्या हातात टिकत नव्हता. नातेवाईक, मित्र, मागणारा कोणीही रिकाम्या हातानं जात नसे. सॉफ्टबॉलचा संघ, रेस्टॉरंट, स्वतःच्या नावाचं शीतपेय, असे धंदे काढले आणि बुडवले. गोल्फवर पैजा लावून हरायचा ते वेगळंच. उलट एक गोष्टही सांगायला हवी. मंदीच्या काळात त्याच्या कुटुंबानं डेट्रॉईटमध्ये जी सरकारी मदत घेतली होती, ती त्यानं पैसे आल्यावर परत केली. अशी मदत कोणी परत करत नसतं.

तिसरं कारण, युद्धाची वर्षं. कमाई थांबली, खर्च थांबला नाही. तो उसने घेऊन चालवला गेला.

चौथं आणि सगळ्यात जड कारण, टॅक्सचे दर. युद्धाच्या काळात सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर ९४ टक्क्यांपर्यंत गेला होता, नंतरही तो ८०-९० टक्क्यांच्या घरात होता. १९४६ मध्ये बिली कॉनबरोबर पुन्हा लढत झाली. लुईसच्या वाट्याला साधारण ६ लाख डॉलर आले. त्यातून मॅनेजर, घटस्फोटित पत्नी, राज्याचा कर आणि वर केंद्राचा कर.

बॉक्सरची कमाई नोकरदारासारखी दरमहा येत नाही. दोन वर्षं काही नाही आणि एका रात्रीत सहा लाख, असं होतं. तो पैसा एकाच वर्षात वरच्या स्लॅबमध्ये जातो. त्या वर्षाचा टॅक्स भरला की जुनी थकबाकी भरायला काही उरत नाही, आणि थकबाकीवर व्याज आणि दंड चढत राहतो. म्हणजे कर्ज फेडायला कमवावं तर त्या कमाईवर नवं कर्ज.

थोडक्यात, दानावर टॅक्स लागला हे खरं. पण बुडवलं ते या चक्रानं.

हरण्यासाठी परत

१ मार्च १९४९ ला लुईसनं जगज्जेता म्हणूनच निवृत्ती घेतली. दीड वर्षात थकबाकीनं त्याला परत आणलं. २७ सप्टेंबर १९५० ला एझर्ड चार्ल्सकडून तो १५ राऊंडनंतर गुणांवर हरला. हातात आले जेमतेम १ लाख डॉलर. तेवढ्यानं काहीच होणार नव्हतं, म्हणून तो लढत राहिला.

२६ ऑक्टोबर १९५१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. लुईस ३७ वर्षांचा, समोर २८ वर्षांचा रॉकी मार्सियानो. आठव्या राऊंडमध्ये मार्सियानोनं त्याला दोरखंडांमधून रिंगच्या कडेला पाडलं. मार्सियानो लहानपणापासून लुईसचा चाहता होता. जिंकल्यावर तो लुईसच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडला.

६६ विजय, त्यातले ५२ नॉकआऊट, आणि फक्त ३ पराभव. त्यातले दोन केवळ टॅक्स भरण्यासाठी परत आल्यावरचे.

१९५३ मध्ये आई वारली. तिनं त्याच्यासाठी मागे ठेवलेले ६६७ डॉलरसुद्धा टॅक्स विभागानं घेतले. १९५६ मध्ये जगज्जेता राहिलेला माणूस पैशासाठी कुस्तीच्या ठरवून केलेल्या सामन्यांत उतरला आणि तिथेही जखमी झाला. अखेर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विभागानं नमतं घेतलं. जुन्या कर्जाचा पाठपुरावा मर्यादित ठेवून त्याच्या चालू उत्पन्नाच्या हिशोबानं वसुली करायचं ठरलं. त्याची तिसरी बायको मार्था वकील होती, या काळात तिनंच त्याला सावरलं. पुढे व्यसन, मानसिक आजार, हृदयाची शस्त्रक्रिया आणि शेवटी व्हीलचेअर.

मग मागे काय राहिलं?

१९६० च्या दशकातल्या तरुण पिढीला लुईस पटत नव्हता. मोहम्मद अलीनं तर त्याला गोऱ्यांपुढे नमणारा म्हणून हिणवलं होतं, आणि लुईसनंही अलीच्या भूमिकांवर उघड टीका केली होती. पण अलीला मोठ्यानं बोलता आलं, कारण लुईसनं गप्प राहून दार उघडून ठेवलं होतं. १९३७ नंतर हेवीवेटच्या जेतेपदाचा रस्ता कृष्णवर्णीय बॉक्सरना पुन्हा कधी बंद झाला नाही.

१९५२ मध्ये सॅन दिएगोच्या स्पर्धेत पीजीए या गोल्फ संघटनेनं वर्णावरून आडकाठी केली, तेव्हा मात्र तो गप्प बसला नाही. त्यानं जाहीर बोभाटा केला आणि खेळून दाखवलं. संघटनेच्या घटनेतलं 'फक्त गोऱ्यांसाठी' हे कलम १९६१ मध्ये गेलं.

१२ एप्रिल १९८१ ला लुईस गेला. आदल्याच दिवशी तो सीझर्स पॅलेसमध्ये लॅरी होम्सची जेतेपदाची लढत बघायला आला होता. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीच्या नियमांत तो बसत नव्हता. अध्यक्ष रेगन यांनी नियम बाजूला ठेवायला लावला.

अंत्यविधीच्या खर्चाचा काही भार मॅक्स श्मेलिंगनं उचलला. युद्धानंतर तो जर्मनीत कोका-कोलाच्या व्यवसायात श्रीमंत झाला होता. १९५४ मध्ये तो स्वतःहून लुईसला शोधत अमेरिकेत आला आणि तेव्हापासून दोघं मित्र होते.

आज डेट्रॉईटच्या मधोमध २४ फूट लांबीचा एक काळा हात टांगलेला दिसतो, मूठ आवळलेला. १९८६ मध्ये उभारलेलं ते लुईसचं स्मारक. त्यावर बॉक्सिंगचा ग्लोव्ह नाही, नुसती मूठ आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ती दानावरच्या टॅक्सची पोस्ट दिसली तर शेअर जरूर करा. फक्त खाली एक ओळ वाढवा, की ८३ हजारांचे १० लाख कसे झाले. आजही एका मोसमात करोडपती होणाऱ्या आणि दहा वर्षांनी कफल्लक दिसणाऱ्या कितीतरी खेळाडूंची गोष्ट त्याच हिशोबात दडलेली असते.